पाच बोटांचं घर

हवालदार लालासाहेबांच्या अंगणात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. बाया ओसरीवर, पोरं गंजीवर, आणि गावचे पुढारी अर्थातच सगळ्यांच्या पुढं. मधोमध वाघाच्या कातड्याचं चित्र छापलेली सतरंजी, तिच्यावर तेजोनाथ महाराज, आणि महाराजांपुढं त्याच घरातल्या पाण्यानं भरलेली पितळेची परात.

महाराजांनी कापराची वडी नखानं टोकरली आणि चार-सहा कण पाण्यावर टाकले. कण पाण्याला टेकले मात्र, गरागरा फिरायला लागले. एक कडेला पळाला, दुसरा त्याच्यामागं गेला, तिसरा जागच्या जागी भिंगरी झाला. वारा नव्हता, कुणाचा हात लागत नव्हता. बायांनी हात जोडले.

"कापूर नाचतो आहे काय, बच्चा?" महाराज गरजले. "कापूर निर्जीव! नाचतंय ते घराचं तेज! चुलीत तेज, उंबऱ्यात तेज, आढ्यात तेज! आता मी बोट लावतो. माझ्या बोटाचा भार ज्या घराला सोसला ते घर जिवंत. न सोसला ते मढं!"

त्यांनी थाळीतली राख हातावर चोळली, हात स्वच्छ धुतला, मंत्र पुटपुटला आणि पाण्यात बोट बुडवलं. कापूर नाचतच राहिला.

"पाच बोटं!" महाराजांनी आरोळी दिली आणि कुंकवात हात बुडवून दाराच्या चौकटीवर पाची बोटांचा ठसा उमटवला. हवालदारांनी टाचा जुळवून त्या ठशाला सलाम ठोकला. पंचवीस वर्षं पलटणीत काढलेला माणूस, पण एवढा ताठ उभा राहिलेला मी त्याला पहिल्यांदाच पाहिला.

हे गाव उंब्रजपासून कोसभर आत. एका घराआड एक माणूस पलटणीत. सुट्टीवर आलेला जवानसुद्धा अंथरुणाची घडी चौकोनी घालणार आणि बायकोच्या मांडणीवरची भांडी उंचीप्रमाणे लावणार. नुसता साधू आला असता तर गावानं त्याला भाकरी घालून वाटेला लावलं असतं. पण हा इन्स्पेक्शन करायला आला होता, वर ग्रेड देत होता. इन्स्पेक्शन म्हटलं की या गावाची मान आपोआप ताठ आणि डोकं आपोआप बंद.

मी हायस्कूलात शास्त्र शिकवायचो आणि राहीबाईंच्या पुढच्या सोप्यात भाड्यानं राहायचो. साल चौऱ्याहत्तर. राहीबाईंचा नवरा एकाहत्तरच्या लढाईत गेला. सरकारकडून शिलाई मशीन मिळालं होतं, त्यावर त्या अख्ख्या गावाची पोलकी आणि शाळेचे गणवेश शिवायच्या. मुलगी बनू माझ्याच हाताखाली मॅट्रिक झालेली. तिचं लग्न हवालदारांच्या मुलाशी, नाथाजीशी ठरलं होतं, पोरं एकमेकांना पसंत होती, सुपारी फुटायची तेवढी राहिली होती.

आणि महाराजांनी राहीबाईंच्या चौकटीवर एकच बोट उमटवलं.

परातीतला कापूर छान नाचत होता. महाराजांनी "गंगे, जटेतून उतर" म्हणून जटेतून हात फिरवला, पाण्याला बोट लावलं, आणि सगळे कण जागच्या जागी मेले. गर्दीतून एकदम 'अरेरे' असा आवाज निघाला.

"एका बोटाचं घर," महाराज खेदानं म्हणाले. "इथली पोर ज्या घरात जाईल, त्या घराचं तेज पिऊन टाकील."

हवालदारांनी टोपी काढून हातात घेतली. "राहीबाई, तुमचं माजं काय वैर न्हाई. पर पाच बोटांच्या घरात एका बोटाची सून कशी आणू? रिपोर्ट खराब हाय तुमचा."

"उपाय है!" महाराज लगेच म्हणाले. "तेजाची भरणी! घरात नवं तेज भरायचा विधी!"

आता या तपासणीचा खर्च सांगतो, म्हणजे महाराजांची हुशारी कळेल. तपासणीला फक्त एक नारळ. त्यामुळं दार कोण बंद करणार? गावातलं एकेक घर आपण होऊन बोलवायचं. मात्र भरणीचा खर्च 'ऐपतीप्रमाणे', आणि ऐपत ठरवायचे महाराज. तपासणीच्या निमित्तानं ते घरभर फिरायचे. गोठ्यात म्हैस दिसली की भरणी म्हशीच्या किमतीची. कोनाड्यात पाटल्या दिसल्या की पाटल्यांच्या वजनाची. राहीबाईंच्या घरात त्यांना मशीन दिसलं.

"मशीन विकते," राहीबाई त्या संध्याकाळी मला म्हणाल्या. कराडच्या शिंप्याला त्यांनी निरोपही धाडला होता.

"आणि खाणार काय?" मी ओरडलोच.

"पोरीचं हुईल न्हवं? मग माजं मी बगीन. खुरपायला जाईन."

माझं डोकं फिरलं. तिसऱ्या दिवशी मी शाळेतला नालाच्या आकाराचा लोहचुंबक खिशात घालून महाराजांच्या पुढ्यात गेलो आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं, "या कापरात लोखंडाचा कीस आहे! सतरंजीखाली चुंबक लपवलाय!" सतरंजी उचलली. खाली एक मुंगळा होता. माझा चुंबक मी कापराजवळ नेला, कापरानं ढुंकूनही पाहिलं नाही.

"मास्तर, मुंगळा जप्त करा!" कुणीतरी ओरडलं आणि गाव पोट धरून हसलं. महाराजांनी मला क्षमा केली. मला त्या क्षमेचा जास्त राग आला.

घरी येऊन मी ताटात पाणी घेतलं, कापूर आणला, कण टाकले. ते हललेसुद्धा नाहीत. ताट बदललं, पाणी बदललं. तरी ते ढिम्म! मी कपाळाला हात लावून बसलो. शास्त्राच्या मास्तराचं घर म्हणजे शून्य बोटांचं.

बनू दारात उभी राहून बघत होती. रडून रडून डोळे सुजलेले, पण नजर माझ्या ताटावर खिळलेली.

"सर, एक इचारू? महाराजांनी लालामामांकडं बोट लावायच्या आदी राख चोळली. आमच्याकडं जटेतनं हात फिरवला. आसं का?"

"मंत्र वेगळे असतील," मी चिडून म्हणालो.

"मंत्र सोडा. मी काल आख्खा दिस त्यांच्या मागं फिरले. ज्यांनी आदीच कायतरी पोचवलं हुतं, त्यांच्याकडं राख. बाकी समद्यांकडं जटा." तिनं माझ्या हाताकडं बोट दाखवलं. "आन सर, तुमी ह्ये कण टाकताना दर खेपेला केसातनं हात फिरवताय."

मी हात पाहिला. सकाळी बचकभर खोबरेल डोक्याला थापलं होतं, ते बोटांना लकाकत होतं.

आम्ही दोघांनी ताट राखेनं घासलं, हात राखेनं घासले, नवं पाणी घेतलं, कापूर चिमट्यानं सोडला. कण असे सुसाट सुटले की बनू टाळ्या वाजवून उडी मारायलाच लागली. मग तिनं आपल्या वेणीला बोट लावलं आणि पाण्याला टेकवलं. नाच खलास. पुन्हा पाणी बदललं, पुन्हा नाच. तेलकट बोटानं पुन्हा खलास. पोरीच्या तोंडावरचा तो आनंद मी कधी विसरणार नाही. तीन दिवस तिला सगळं गाव अवदसा म्हणत होतं आणि कारण निघालं महाराजांच्या जटेतलं चमचाभरसुद्धा नसलेलं तेल.

भरणीच्या दिवशी राहीबाईंच्या अंगणात पुन्हा तीच गर्दी. कराडचा शिंपी बैलगाडी घेऊन आला होता, मशीन सोप्यात काढून ठेवलं होतं, आणि राहीबाई त्याच्यावर हात ठेवून उभ्या होत्या. महाराज परातीपुढं बसले.

"भरणीआधी दाखवतो, घर अजून मढंच आहे," असं म्हणून त्यांनी हात जटेकडं नेला.

"महाराज, राख घ्या," बनूनं थाळी पुढं केली.

"आज जटेचा योग आहे, बेटी."

"लालामामांकडं राख घेतलीसा की. मग आमच्याकडं का न्हाई?"

महाराज हसले. "घर तसा विधी."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हवालदारांचा आवाज आला. गावातल्या एकाही माणसाला जे सुचलं नव्हतं ते पलटणीच्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं. "आसं कसं, महाराज? ड्रिल समद्यांस्नी सारखी पायजे! कंपनीपरमानं इन्स्पेक्शन बदलायला लागलं तर त्येला काय आर्थ?"

"बरोबर हाय!" दोन-चार पेन्शनर एकदम म्हणाले.

महाराजांनी इकडं-तिकडं पाहिलं. बनूनं वाट न बघता त्यांचा हात धरून भक्तिभावानं राखेनं चोळला, अगदी कोपरापर्यंत, आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. महाराजांना बोट बुडवावंच लागलं. कापूर लग्नातल्या वाजंत्र्यासारखा नाचत राहिला.

पण माणूस मुरलेला होता. एका क्षणात त्यानं दोन्ही हात आकाशाकडं केले. "जागं झालं! माझ्या पावलानं घर जागं झालं! आता भरणीची दक्षिणा..."

राहीबाई खरोखरच हात जोडून शिंप्याकडं वळल्या.

"थांबा!" मी म्हणालो. "हवालदार, तुमच्या घरचं पाणी मागवा. पाच बोटांच्या घरचं. तुमच्याच भांड्यात."

नाथाजी धावत जाऊन घागर आणि परात घेऊन आला. परात बनूनं सगळ्यांसमोर राखेनं घासली. कापूर टाकला, नाचला.

"आता तुम्ही बोट लावा. पण आधी सवयीप्रमाणं मिशीला पीळ द्या."

हवालदारांच्या मिशीची कीर्ती पंचक्रोशीत होती. रोज सकाळी तिला खोबरेल पाजलं जायचं. त्यांनी ऐटीत पीळ दिला आणि पाण्यात बोट घातलं.

सगळे कण थिजले.

हवालदारांचा चेहरा पांढराफटक पडला. "मास्तर... माजं घर..."

"कायबी झालं न्हाई, मामा," बनू म्हणाली. तिनं पाणी फेकलं, परात पुन्हा घासली, हवालदारांचं बोट स्वतः राखेनं चोळलं. "आता लावा."

कापूर नाचला. "मिशीला हात लावून लावा." कापूर मेला. हवालदारांनी तीनदा करून पाहिलं. चौथ्या वेळी ते महाराजांकडं वळले, आणि तो आवाज परेड ग्राउंडवरचा होता. "दोन ढेपी गूळ आन माजी मिलिटरीची ब्ल्यांकेट घेतलीस न्हवं रं माज्याकडनं? पाच बोटं त्येची हुती व्हय?"

मग जो धुमाकूळ झाला तो काय सांगावा! प्रत्येकाला परात हवी होती. म्हाताऱ्या वेणीला बोट लावून घरं मारत होत्या आणि राख चोळून पुन्हा जिवंत करत होत्या. महाराज सतरंजी गुंडाळून सटकत होते, पण सुट्टीवरच्या जवानांनी त्यांना मधे घेतलं. दुपारी त्यांना उंब्रजच्या चौकीवर नेलं, आणि त्याआधी त्यांनी गाडीत भरून ठेवलेला गूळ, पाटल्या, भांडी ज्याची त्याला परत मिळाली. मी उगाच उंच जागी उभा राहून समजावून सांगितलं, की पाण्याच्या वरच्या थराला एक ताण असतो. कापूर विरघळताना तो ताण एका बाजूनं कमी करतो, म्हणून दुसऱ्या बाजूचं पाणी कणाला ओढून घेतं. तेलाचा बारीकसा पापुद्रा सगळीकडं पसरला की चहूकडून ओढ सारखीच होते, मग कण जाणार कुठं? कुणी फारसं ऐकलं नाही. ते स्वतः करून बघत होते, आणि ते जास्त बरं होतं.

शिंपी रिकामी गाडी घेऊन गेला. हवालदार राहीबाईंपुढं येऊन उभे राहिले. "चुकलं माजं. सुपारी उद्याच फोडू."

राहीबाईंनी डोळे पुसले. मला वाटलं, आता त्या पाया पडतील. त्या म्हणाल्या, "थांबा, पावणं. माज्या घराची तपासणी लय झाली. पोर जिथं द्यायची त्या घराची मी केलीच न्हाई. आमी यितो."

हवालदार खाकरले, पण इन्स्पेक्शनला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

त्याच संध्याकाळी मायलेकी गेल्या, मागून मी. बनूनं चौकटीकडं पाहिलंच नाही. ती थेट चुलीपाशी गेली. चूल अंधाऱ्या कोपऱ्यात, भिंतीला झरोका नाही, आढं काळंकुट्ट. हवालदारांच्या मालकीण धोंडुबाई फुंकणी घेऊन बसल्या होत्या आणि दर दोन फुंकरींनी खोकत होत्या.

"खोकला किती दिसाचा, आत्ती?" बनूनं विचारलं.

"लगीन झालं तवापासनं," धोंडुबाई म्हणाल्या. "आजपातूर कुणी इचारलं न्हवतं गं."

बनू बाहेर आली आणि हवालदारांपुढं उभी राहिली. "मामा, हितं खिडकी पायजे. चूल तिच्याखाली घ्या. लाकूड बी निम्मं लागंल आन आत्तीचा खोकला कमी हुईल. खिडकी झाली की मी येती."

हवालदार गोठ्यात गेले, पहार घेऊन आले आणि त्यांनी भिंतीवर पहिला घाव घातला. नाथाजी दगड काढायला लागला. दिवेलागणीला भिंतीला भोक पडलं, कोंडलेला धूर बाहेर निघाला, आणि धोंडुबाई कितीतरी वेळ त्या भोकापुढं नुसत्या श्वास घेत बसल्या.

वाचकहो, घर तपासायला कुणी जटावाला आला तर त्याला राखेची थाळी द्या, आणि त्याचा हात तुम्ही स्वतः धुवा. मग आपलं घर आपणच तपासा. धूर कुठं कोंडतो, उजेड कुठून येत नाही, आणि कुणाचा खोकला ऐकायची आपल्याला सवय होऊन गेली आहे, ते बघा. त्याला नारळसुद्धा लागत नाही. घरात जी बाई राबते, तिला विचारावं लागतं, एवढंच.