दोनदा वाच

"दोनदा वाच, मंग सांग," बाबा म्हणाले.

मी औषधाच्या बाटलीवरचा कागद पुन्हा वाचला. सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा, जेवणानंतर.

"जेवनानंतर. पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी बाटली कोनाड्यात ठेवली आणि माझी पिशवी उचलली. रविवार होता. दुपारच्या एसटीने मी भंडाऱ्याला परतणार होते. तिथल्या ग्रंथालयात मी नोकरीला लागले होते, त्याला दोन वर्षं होत होती. सडकेच्या दोन्ही बाजूंना धान पोटरीवर आला होता. वळणावर शेजारची बायजाबाई भारा टेकवून उभी होती.

"काय टोरवाले, पोरीले पोचवाले निंगाले का?"

"हो. तू येतं का? तुले बी बसवून देतो गाडीत."

"माह्या घरच्यानं सोडलं तं न."

दोघंही हसले. मी नेहमीप्रमाणे दुसरीकडे पाहिलं. गाडी आल्यावर बाबांनी पिशवी खिडकीतून आत दिली आणि म्हणाले, "पोचली का पत्र टाकजो." मी म्हटलं, "उगाच कशाला येता उन्हात?" आमच्यातलं शेवटचं बोलणं एवढंच. मंगळवारी सकाळी ग्रंथालयाच्या दारात गावचा माणूस उभा दिसला.

गाव बाबांना टोरवाले म्हणायचं, ते १९७८ पासून. मी तेव्हा चौदा वर्षांची होते.

बाबा गावचे कोतवाल. आनंदराव कोतवाल. आमचं गाव सानगडीपासून तीन कोसांवर. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी बाबांनी डफडं खाली ठेवलं ते कायमचं. दवंडी मात्र सोडली नाही. भंडाऱ्याहून एक पितळी थाळी आणली आणि तिच्यावर लाकडी दांडी मारून ते दवंडी देऊ लागले. तलावाच्या पाळीवर उभे राहिले तरी आवाज शेवटच्या घरापर्यंत जायचा. वाचता येत नव्हतं. कागद आला की कोणीतरी वाचून दाखवायचं, मी शाळेत जाऊ लागल्यापासून मीच; ते एकदा ऐकायचे आणि शब्द न् शब्द गावाला सांगायचे. वीस वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही, असं ते स्वतःच सांगत.

त्या वर्षी मृगात दोन सरी आल्या आणि पाऊस गेला. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वीतभर वाढून उभे होते, रोवणीला पाणी नव्हतं. एका संध्याकाळी एसटीच्या कंडक्टरबरोबर साकोलीहून पटवाऱ्याची चिठ्ठी आली. मी ओट्यावर पुस्तक वाचत होते. गोष्ट अगदी रंगात आली होती. बाबांनी चिठ्ठी पुढे केली. मी वाचली: 'टोळ येण्याचा संभव आहे. ग्रामस्थांनी डबे, थाळ्या घेऊन शनिवारी सकाळी शाळेजवळ जमावे. साहेब येणार आहेत.'

"काय येनार हाय?"

"टोळ."

बाबांनी चिठ्ठी परत घेतली. मग म्हणाले, "टोर? आपली मोहाची टोर?"

आमच्या बोलीत ळ नाही. डोळ्याला डोरा, तळ्याला तरा. मोहाच्या बियांना टोर. त्या दिवसांत घरोघरी टोर वाळत पडलेली असे, वर्षभराच्या तेलाची. आणि मी शाळेत शिकले होते की आपला र अशुद्ध, पुस्तकातला ळ शुद्ध. घरात मी सगळ्यांचे र दुरुस्त करत असे. पुस्तकातून मान वर न काढता मी म्हटलं, "हो. शुद्ध भाषेत टोळ म्हणतात."

टोळधाड हा शब्द मला माहीत नव्हता असंही नाही. भूगोलाच्या पुस्तकात होता. राजस्थानच्या धड्यात. तो त्या वेळी का आठवला नाही, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

शनिवारी शाळेजवळ सगळा गाव जमला. बाया डबे, टोपल्या, पोती घेऊन आल्या होत्या. सरकार टोर घेणार, थाळीनं मापून घेणार, असं गावानं आपलं आपण जुळवून टाकलं होतं. पावडरच्या पोत्यांनी भरलेली जीप आली. साहेब उतरले.

बायजाबाई पुढे झाली. "साहेब, मापून घेता का तशीच घेता?"

"काय?"

"टोर."

"टोळ अजून आलेच नाहीत, बाई."

"आली न, साहेब. हे काय, दोन पोते आनले."

"पोत्यात?" साहेब दोन पावलं मागे सरले. "जिवंत आहेत?"

बायजाबाईनं पोतं ओतलं. तपकिरी बिया साहेबांच्या बुटांपर्यंत घरंगळत गेल्या. आधी जीपचा ड्रायव्हर हसला, मग सगळे. साहेब हसले नाहीत. टोळ म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं. पश्चिमेकडून थवे निघाल्याची बातमी आहे, इथवर आले तर पऱ्ह्यांचं एक पातं उरणार नाही, रोवायला काही राहणार नाही. तेव्हा हसणं थांबलं.

"दवंडी कोणी दिली?"

"मी, साहेब."

"कागद वाचला होता?"

"मले वाचता येत नाई."

"मग कोणी वाचून दाखवला?"

मी आंब्याच्या झाडाखाली उभी होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला कळलं.

"कोनीच नाई," ते म्हणाले. "म्या अंदाजानं सांगतलं."

सरकारी कागद अंदाजाने सांगणारा कोतवाल. यापुढे या माणसाने दवंडी द्यायची नाही, असं साहेबांनी तिथंच सांगून टाकलं. मी काही बोलले नाही. चौदा वर्षांच्या मुलीने साहेबांपुढे काय बोलायचं, असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. पण घरी येऊन बाबांपुढेही बोलले नाही.

पुढचे चार दिवस गाव तलावाच्या पाळीवर होता. धानाच्या ओल्या तणसाचे आणि कडुनिंबाच्या पाल्याचे ढीग धुरासाठी रचून ठेवले होते. पुरुष तोंडाला फडकी बांधून, कापडी पिशव्या झटकत पऱ्ह्यांवर पावडर मारत होते. बाया डबे घेऊन मावळतीकडे बघत बसल्या होत्या. कावळ्यांचा थवा दिसला तरी डबे वाजत. चौथ्या रात्री पाऊस आला आणि सकाळी सगळे रोवणीला गेले. टोळ आले नाहीत. कधीच आले नाहीत. बाबा मात्र आणखी दोन दिवस पावसात थाळी घेऊन पाळीवर उभे होते. त्यांना तसं कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर गावातल्या भोजराज नावाच्या तरुण पोराच्या भोंग्यावरून गावाला खबरा मिळू लागल्या. भोंगा लागला की बाबा हातातलं काम थांबवून शेवटपर्यंत ऐकत. "पोट्टा बरा सांगते," एवढंच म्हणत. मला त्यांनी कधी काही विचारलं नाही. फक्त पत्र असो की औषधाची बाटली, "दोनदा वाच, मंग सांग." तो टोमणा होता की काळजी, की नुसती सवय? आठ वर्षांत मी विचारलं नाही, आणि आता कोणाला विचारणार?

आठव्या दिवशी विहारात वंदना झाली. बाबांच्या फोटोपुढे बायजाबाईनं त्याच थाळीत फुलं ठेवली होती. चार माणसं बोलली. भोजराज म्हणाला, "लय भोळा मानूस. अंदाजानं दवंडी देल्ली अन् साऱ्या गावाची टोर शाळेत आनली." लोक हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. बायजाबाई तर हसता हसता डोळे पुसत होती.

मग मला बोलायला सांगितलं. मी लिहून आणलं होतं, शुद्ध भाषेत, दोनदा वाचून. कागद उघडला आणि पुन्हा त्याची घडी घातली.

"बाबानं अंदाजानं नाई सांगतलं," मी म्हणाले. "तो कागद मी वाचला होता. टोर म्हंजे आपली मोहाचीच का, असं त्यानं मले इचारलं. मी पुस्तकातून डोरे नाई काढले. मीच म्हनलं, हो."