घाई असेल त्यांनी पुढे जावे

सत्तरीत नवी मोटारसायकल घेतल्यावर सयाजीरावांनी पहिलं काम काय केलं असेल, तर मागच्या नंबरप्लेटखाली पाटी लावली: ‘इंजिन नवीन आहे. घाई असेल त्यांनी पुढे जावे.’ पहिले हजार किलोमीटर काटा पन्नासच्या वर न्यायचा नाही, मागं कुणाला बसवायचं नाही. इंजिनाचं बालपण नीट गेलं की ते म्हातारपणी छळत नाही, असं ते म्हणत. हे बालपण निम्म्याच्या पुढं सरकलं असताना एका दुपारी ते जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

तेराव्याला सयाजीरावांच्या भावानं ठरवून टाकलं, गाडी यशराजला. यशराज म्हणजे त्या भावाचा थोरला. सयाजीरावांच्या एकुलत्या लेकीनं, पूर्णिमानं, एवढंच म्हटलं, “हजार पुरे करून देते.”

“ताई, नवं इंजान पयल्यांदाच पिळायला लागतंय,” यशराज म्हणाला. “लाडानं वाढवलं की आळशी हुतंय.”

“ते दिसतंच आहे तुझ्याकडं बघून.”

मग रोज सकाळी ती चाळीसनं कागलला जाऊन यायची. अडचण होती पाटीची. ती वाचायची तर मागच्याला वेग कमी करावा लागे, आणि वेग कमी केल्यावर कोल्हापूरचा माणूस न बोलता पुढं जाईल, हे कसं व्हावं? उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, “ताई, मागं बांधून न्हेऊ काय?” लेकाच्या गाडीवर बसलेली एक म्हातारी म्हणाली, “इंजान नवं हाय का तूच नवी हाईस?”

हजार भरायला थोडंच उरलं होतं, तेव्हा दुधाचे कॅन लावलेली एक गाडी शेजारी आली.

“ही सयाजीरावांची गाडी न्हवं? मी वसंत. कुठं हाईत? दिसलं न्हाईत.”

“मी त्यांची मुलगी. अण्णा गेले. महिना झाला.”

वसंतनं एका हातानं टोपी काढून खिशात घातली.

“लई पळवायचं बघा,” वसंत म्हणाला.

“कोण?”

“तुमचं अण्णा की. ह्या सपाटीला आलं की म्हणायचं, वसंता, ये. ऐंशीनं जायाचं. मी कॅनासकट मागं, आन् डोळ्याम्होरं ती पाटी. घाई आसल त्यांनी म्होरं जावं म्हणं. जाऊ कसा?”

पूर्णिमाला हसू आलं. महिनाभरात आलं नव्हतं, म्हणून बहुधा आवरेना. गाडी कडेला घ्यावी लागली. हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरली. वसंत थोडा थांबला आणि काही न विचारता पुढं गेला.

काच पुसून ती निघाली तेव्हा रस्ता मोकळा होता. काटा पन्नासावर गेला, साठावर गेला, आणखी पुढं गेला. इंजिन कुरकुरलं नाही. सवय त्याला जुनीच होती.

दारात यशराज झेंडूचा हार घेऊन उभा. “झालं न्हवं हजार?”

“झालं. पण धरता येणार नाही.”

“आता काय?”

“अण्णांनी मधेच ऐंशीनं पळवली होती म्हणे. सगळं बिघडलं. पहिल्यापासून करावं लागेल.”

“आन् ते कवा व्हायचं?”

“लाडात वाढलेलं इंजिन,” पूर्णिमा म्हणाली, “वेळ लागेल.”

त्याच्या हातातला हार घेऊन तिनं हँडलला घातला, ओढणीनं पाटी पुसली आणि गाडी आत घेतली.