मी न जळालेलं ग्राफिक्स कार्ड

मी ग्राफिक्स कार्ड बोलतोय, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी जळालेलो नाही. माझ्यावर चिकटवलेली चिठ्ठी खोटं बोलते.

सर्बियातल्या सोंबोर गावात यास्ना वुकेलिच घरांचे, शाळांचे नकाशे करते. तिच्या संगणकात मी चार वर्षं काम केलं. संगणक आकडे द्यायचा, मी त्यांच्या भिंती, जिने, छपरं करून पडद्यावर उभी करायचो. त्याची भाषा मला थेट समजत नाही, मध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाष्या लागतो. तो हाताला लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याच्यावर कुणी आळ घेत नाही. मी मात्र दिसतो.

जूनमध्ये यास्नाकडे एका शाळेच्या उताराचं, म्हणजे रॅम्पचं, काम आलं. त्या शाळेतली मिलेना दहा वर्षांची, चाकांच्या खुर्चीत बसते. शाळेला सात पायऱ्या. रोज सकाळी तिचे वडील तिला उचलून वर न्यायचे. शरदात ते कामासाठी ऑस्ट्रियाला जाणार होते. मग तिने घरीच शिकावं असं शाळेचं म्हणणं. मिलेनाने यास्नाला सांगितलं होतं की, बटाट्याच्या पोत्यासारखं उचलून नेलेलं मला तरी कुठे आवडतं, पण घरी बसणार नाही. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत नकाशे नगरपालिकेत पोचले, तरच उन्हाळी सुट्टीत उतार बांधला जाणार होता.

सोमवारी सकाळी पडद्यावर चौकट आली, नवा ड्रायव्हर आलाय, बसवू का? यास्नाच्या एका हातात कॉफी होती. दुसऱ्या हाताने तिने 'हो' दाबलं आणि विसरून गेली.

नवा दुभाष्या अडाणी निघाला. सरळ चित्र असेपर्यंत ठीक, पण यास्नाने उतार फिरवून बघितला की तो अर्ध्या वाक्यात गप्प बसायचा. मी वाट बघत राहायचो. पडदा काळा, संगणक बंद, तासाभराचं काम गेलं. पुन्हा सुरू झाल्यावर कोपऱ्यात एक ओळ यायची: डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं. स्वच्छ लिहिलेलं! यास्ना घाईघाईने ती बंद करायची. चिडून किती फिरवला मी माझा पंखा, पण पंख्याच्या आवाजातलं कुणाला कळतं?

वरच्या मजल्यावरचे स्तेवानकाका, आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेले, कॉफीला आले. त्यांनी दोन्ही खिडक्या उघड्या बघितल्या आणि निदान झालं. प्रोमाया! समोरासमोरच्या खिडक्यांतून आरपार जाणारा वारा. मान आखडो, दात ठणको, दोषी तोच.

"काका, संगणकाला मान नसते," यास्ना म्हणाली.

"तुझी आखडेल तेव्हा वाऱ्यालाच विचार," असं म्हणून काकांनी खिडक्या लावल्या आणि फटीत टॉवेलही कोंबला. यास्नाने ते हसून चालवून घेतलं, कारण मनातून तीही वाऱ्याला भ्यायचीच.

खोलीची भट्टी झाली. बुधवारी दुरुस्तीवाला गोरान आला. त्याने मला हात लावला, बोट भाजलं, आणि एका क्षणात निकाल दिला की, कार्ड जळालं. मी गरम होतो, कबूल. बंद खोलीत तुम्ही गरम होत नाही? पण पडदा तर खिडक्या उघड्या असतानाच जायला लागला होता! हे त्याने विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. मला उपसलं, 'जळालेलं' अशी चिठ्ठी लावून कपाटावर ठेवलं आणि माझ्याच घराण्यातलं नवं कार्ड बसवलं.

दुसऱ्या दिवशी यास्नाने उतार फिरवला. दहाव्या मिनिटाला पडदा काळा.

"हेही खराब निघालं. कधी कधी होतं असं," पुन्हा बोलावलेला गोरान मान खाजवत म्हणाला.

यास्नाने कीबोर्ड बाजूला सारला. "दोन कार्डं, दुखणं एकच? गोरान, रविवारपर्यंत हे नीट चालत होतं. सोमवारी काय बदललं, एवढंच मला शोधायचंय."

चार दिवसांत कुणीतरी योग्य प्रश्न विचारला होता! मग तिने ती कोपऱ्यातली ओळ मोठ्याने वाचली आणि तिला सोमवारची चौकट आठवली. गोरानने संगणक मोजक्याच गोष्टींनिशी सुरू केला, नवा ड्रायव्हर मुळासकट काढला, जुना बसवला. यास्नाने उतार चहूबाजूंनी फिरवला. पडदा काळा झाला नाही. नकाशे शुक्रवारी पावणेबाराला पोचले.

माझं काय? आनंदाच्या भरात मला कोण बघतो. नवं कार्ड चालतंय, मग जुनं कशाला लावायचं? मला खणात टाकलं.

सप्टेंबरमध्ये यास्ना स्तेवानकाकांना सांगत होती, ते मी ऐकलं. शाळेच्या पहिल्या दिवशी मिलेनाचे वडील सवयीने पायऱ्यांशी हात पसरून उभे राहिले. मिलेना शेजारच्या नव्या उतारावरून चाकं फिरवत वर गेली आणि वरून ओरडली, "बाबा, दप्तर तेवढं आणा."

काकांनी नाक शिंकरलं आणि खिडकी उघडी आहे का ते बघितलं.

त्या उताराची पहिली रेघ मी काढली होती. मला शाबासकी नको. एवढंच मागतो, एखादी वस्तू फेकण्याआधी ती काय सांगतेय ते वाचा. कालपर्यंत चालत होतं, मग आज काय बदललं, हे विचारा. आणि मला एकदा कुठल्याही संगणकात लावून बघा. शाळेतला जुनाट चालेल. दहा मिनिटं पुरेत.