उताणा न होणारा हात

मित्रांनो, मी एक जुना हात आहे. नुसता हात! कोपरापासून बोटांपर्यंतची प्लास्टिकची हाडं. व्यायामोपचाराच्या खोलीत खिडकीपाशी उभा असतो. परवा जो धक्का बसला, तो अजून माझ्या हाडांतून गेलेला नाही.

साच्यातून निघालो तेव्हा कारागिराने माझी दोन लांब हाडं मुद्दाम सैल बांधली. करंगळीकडचं जागेवर राहतं, अंगठ्याकडचं त्याच्यावरून फिरतं. ते आडवं गेलं की तळहात पालथा, सरळ आलं की उताणा. या उताणं होण्याला पुस्तकात ‘उत्तानन’ म्हणतात. “नाव ऐकून घाबरू नका,” इथल्या डॉक्टरताई रुग्णांना सांगायच्या. “उत्तान म्हणजे तोंड वर करून निजलेला. पाळण्यात बाळ उताणं असतं ना, तसा तळहात!” मग मला फिरवून दाखवायच्या. वीस वर्षं मी ऐटीत फिरलो.

परवा कुलूपवाले काका आले. उजव्या हाताचं प्लास्टर निघालं होतं, पण हात पालथाच. ताईंनी तळव्यावर किल्ली ठेवू पाहिली, ती घसरून खाली.

“किल्ली फिरवता येत नाही, मग मी कुलूपवाला कसला?” काका किल्ली उचलत म्हणाले.

“फिरेल. हे बघा,” म्हणत ताईंनी मला पिळलं.

मी हललोच नाही! त्यांनी जोर लावला आणि कट्! मनगटाचा टवका उडाला. बाप रे! मी स्वतःलाच परका वाटलो.

काका झटकन उठले. “माझाही असाच मोडणार! नको तुमचा व्यायाम.” ते थेट दाराशी पोचले.

तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या मावशी रडकुंडीला आल्या. “ताई, चुकलं माझं. काल पुसताना याचं हाड डुगडुगत होतं. मोडलं वाटलं, म्हणून चिकटवलं. चांगलं घट्ट!”

अहो मावशी, त्या डुगडुगण्यातच माझा जीव होता की!

काका थबकले. परत फिरले. “आणा इकडे. अडकलेलं सोडवणं हाच माझा धंदा.”

मला काखेत दाबून डाव्या हाताने त्यांनी गोंद खरवडला. मी सुटलो, फिरलो! मग माझ्याशेजारी त्यांनी आपला हात धरला. दात आवळून वळवला. जेमतेम अर्धा वळला. ताईंनी किल्ली ठेवली. ती कलंडली, पण पडली नाही. काका तिच्याकडे बघतच राहिले.

आता मावशी पुसताना रोज विचारतात, “हे मुद्दामच सैल आहे ना?” मित्रांनो, तुम्हीही आधी विचारत जा. आम्हांला जपा, पण आवळू नका.