तीनदा लावल्याशिवाय

आईने तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लाइनी जोडल्या. तिथे कुणी कुणाला नावाने हाक मारत नसे, बोर्डाच्या नंबरानेच सगळा कारभार. आई चार नंबर. तिची जिवाभावाची मैत्रीण सात नंबर. मधल्या दोघीजणी कंटाळून जातील इतक्या या दोघी एकमेकींशी बोलायच्या.

गिऱ्हाइकाला "उत्तर नाही" असं सांगण्याआधी तीनदा लावून बघायचं, हा तिथला नियम. आईने तो घरातही आणला. लहानपणी मी "कंपास सापडत नाही" म्हणून रडत आले, की ती मान वर न करता विचारायची, "तीनदा लावलंस का?"

आता सात नंबर समुद्रापलीकडे लेकीकडे राहते. तिचे कान गेले, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. पत्ता आईने एकदा विचारला होता, तर म्हणाली, "लांबलचक आहे गं, रोज भेटतोच की." भेट व्हायची ती आमच्या जुन्या संगणकावर, बुद्धिबळाच्या एका जुनाट साइटवर. पटाशेजारी निरोप लिहायला छोटी चौकट होती. दोघी इतकं भिकार खेळायच्या की एक डाव दीड महिना चालायचा. पडद्याआडचं ऊन फरशीवरून सरकत टेबलाच्या पायाशी आलं की चार वाजायचे. आई शाल पांघरून बसायची, संगणक घरघरत तापायचा आणि त्या उबेत ती कधी सातशी बोलतेय नि कधी पेंगतेय, हे तिचं तिलाही कळत नसावं.

एका दुपारी त्याच पानावरच्या जाहिरातीतून संगणकाचा पडदा लालभडक झाला आणि भोंगा वाजू लागला. 'तुमच्या संगणकाला विषाणूची लागण झाली आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा.' आईने केला. मी घरात शिरले तेव्हा ती फोन कानाला लावून पलीकडचा सांगेल ती बटणं दाबायच्या बेतात होती. मी संगणकाचा भिंतीतला प्लगच उपटला.

"मुलगा गोड बोलत होता," आई म्हणाली, "पण होल्डवर ठेवताना विचारत नाही. शिस्त नाही आजकाल."

माझ्या नाकावर राग कायमचाच. मी म्हटलं, संगणक भंगारात टाकू. आई नुसती कीबोर्डवरून हात फिरवत राहिली. मग माझ्या रागाचं पाणी झालं आणि मी दुसरा उपाय शोधला. संगणक इतका जुना की राखणदारी करणारे नवे प्रोग्राम त्याला पेलत नाहीत. पण त्याच्या पोटात एक साधी फाइल असते. त्यात वाईट साइटचं नाव लिहायचं आणि नावाआधी आपल्याच संगणकाचा नंबर. कुणी त्या नावाकडे निघालं, की संगणक त्याला परत घरीच आणून सोडतो.

"म्हणजे नको तो कॉल आपल्याच बोर्डावर फिरवायचा," आई लगेच म्हणाली. "एका दारुड्याला आम्ही असंच फिरवायचो. बिचारा स्वतःशीच भांडायचा." मग जरा विचार करून, "पण एवढ्या सगळ्यांना घरी आणून बसवणार कुठे?"

कुणा भल्या माणसाने बारा हजार वाईट नावांची तयार यादी ठेवली होती. मी ती उचलली, चिकटवली आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते मी. पाव नंबरचा फरक पडला तर दिवसभर वाद घालते. त्या मीच बारा हजार नावांतलं एकही वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले, तर संगणकावर चादर घातलेली.

"सात गेली," आई म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे कुणी? लावलं, लाइन मेलेली. नुसतं पांढरं पान. तिचंही वय झालंच होतं."

"अगं, साइट बंद पडली असेल. बघू का?"

"नको. राहू दे."

मी राहू दिलं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. बंद संगणकाला कसला आलाय धोका?

आठ दिवस आई चार वाजता शाल पांघरून त्या चादरीसमोर बसत होती. चहा निवून जायचा. कधी झोपेत पुटपुटायची, "जोडते हं, थांबा." तिच्याकडे बघवत नव्हतं.

रविवारी दुपारी माझाही डोळा लागला. स्वप्नात आमच्या जिन्यात ही गर्दी. बारा हजार वाईट लोक, सगळे घरी परत धाडलेले, भिंतीला टेकून मुकाट उभे. गोडबोल्या मुलगाही होता, टोपी हातात घेऊन. मी सगळ्यांना ओलांडत खाली गेले, तर शेवटच्या पायरीवर लोकरीची टोपी घातलेली एक म्हातारी. मी विचारलं, "तुम्ही कशा इथे?" तिला ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "चार नंबर आहे का घरात?"

मी ताडकन उठले. चादर काढली, फाइल उघडली, बुद्धिबळाच्या साइटचं नाव शोधलं. चार हजार नऊशे अकराव्या ओळीवर होतं. जाहिरातीमुळे ती साइटही यादीत गेली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर ओढणारी मी.

ओळीच्या सुरुवातीला एक खूण टाकली की ती ओळ निजते, संगणक तिला मानत नाही. ती टाकली. लाल पडदा धाडणाऱ्याचं नाव वेगळं होतं, ते यादीत तसंच राहू दिलं. मग आईला हलवून उठवलं.

"आई, लाइन मी कापली होती. चुकून. सातचा काही दोष नाही."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. मी पान उघडलं. पट जसाच्या तसा मांडलेला आणि शेजारच्या चौकटीत रोज चार वाजताचा एकेक निरोप.

'चार, लाइनवर आहेस?'

'वजीर मारलास म्हणून रुसलेली नाही मी. ये.'

'तीनदा लावून झालं. आता परत एकपासून मोजते.'

'लेक म्हणते, गेली असेल तुझी मैत्रीण. तिला काय कळतंय?'

असे आठ. आईने चष्मा काढून पुसला, पुन्हा सगळे वाचले. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी. मी खाली मान घालून उभी राहिले.

"मी एकदाच लावलं गं," ती म्हणाली आणि लहान मुलीसारखी रडू लागली. "एकदाच लावलं नि तिला मारून मोकळी झाले."

मी तिला जवळ घेतलं. ऊन टेबलाच्या पायाशी आलं होतं. आईने एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहिलं, 'आले. मी एकदाच लावलं होतं. माफ कर.'

बराच वेळ काही नाही. संगणक घरघरत राहिला.

मग चौकटीत अक्षरं उमटली. 'रडणं नंतर, चार नंबर. आठ दिवस तुझा घोडा मरायला टेकलाय, मी हात लावला नाही, आत्ता नुसतं प्यादं सरकवलं. हलव आधी.'

आई शालीने डोळे पुसत पटावर घोडा शोधू लागली.