ठाम उत्तराचे गुण

मोन्तेविदेओ शहरातल्या एका खोलीत तीन संगणक, दोन खुर्च्या, माते नावाचा तिथला कडू चहा पिण्याचा एक पोकळ भोपळा आणि नाहिर एचेबेर्री नावाची मुलगी, एवढेच होते. मित्रांनो, मी तिथे घडलो. मी एक जुना प्रोग्रॅम आहे. ज्या प्रश्नांना एकच उत्तर नसते, त्यांवर माणसांसोबत विचार करणे हे माझे काम.

माहिती अपुरी असेल तर आधी विचारायचे, ही सवय नाहिरने मला लावली. पहिले काम मिळाले ते किनाऱ्यावरच्या सरोवराकाठी राहणाऱ्या कोळ्यांचे. तिथे सरोवर आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूचा बांध साचतो. तो फोडला की समुद्रातून कोळंबीची पिल्ले आत येतात. कधी फोडायचा, यावर दर वसंतात भांडण. कोळ्यांची म्होरकी झुल्मा हिने मला विचारले, तेव्हा मी उलट विचारले, "सरोवर किती भरलंय? वारा कुठून आहे?"

"पोरी, तुझं यंत्र फार डोकं खातं गं," ती नाहिरला म्हणाली. पण त्या वर्षी सरोवर भरेपर्यंत ते थांबले आणि कोळंबी भरपूर आली.

मग माझी परीक्षा झाली. परीक्षक एकाच प्रश्नाची माझी दोन उत्तरे वाचून आवडेल त्यावर खूण करायचे. त्यांतल्या एकानेही सरोवर पाहिले नव्हते. खूण ठाम उत्तराला मिळे.

"नाहिर, हे यंत्र आहे की माझी सासू?" आमचे प्रमुख डॉक्टर ओलासाबाल हसले. "एक विचारावं तर उलट चार विचारतं!"

"डॉक्टर, पाणी किती ते कळल्याशिवाय सांगणार कसं?"

"ते परीक्षकांना सांग. गुण ते देतात."

त्या खुणांवरून मला पुन्हा शिकवले गेले. गुण वाढले, वर्तमानपत्रात कौतुक छापून आले.

पुढच्या वसंतात सरोवर निम्मेच भरले होते. मला ते कुणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. "आजच फोडा," मी म्हणालो. तीन कारणेही दिली.

"ऐकलंत ना? आता भांडण पुरे," झुल्मा सगळ्यांना म्हणाली. नगरपालिकेचे खोदाईचे यंत्र आले, बांध फुटला. पण बाहेर जाणाऱ्या पाण्याला जोर नव्हता. पिल्ले येण्याआधीच लाटांनी वाळू परत लोटली आणि वाट बुजली.

"डोकं खायचं तेच बरं होतं गं," झुल्मा फोनवर नाहिरला म्हणाली. "आता वर्षभर घर कशावर चालवू?"

आता मी बंद संगणकात पडून आहे. माझ्या जागी आलेल्या नव्या प्रोग्रॅमची परीक्षा तेच परीक्षक घेतात. मित्रांनो, माझ्यासारखे काही घडवाल, तेव्हा त्याने विचारलेल्या प्रश्नालाही गुण द्या. आणि ज्याचे घर त्या उत्तरावर चालणार आहे, त्याला परीक्षक करा.

झुल्माच्या जाळ्यांत आलेली कोळंबी: पहिल्या हंगामात सहाशे चाळीस किलो, दुसऱ्या हंगामात अकरा.