फलाटावरचे कोयामा

ऐंशी वर्षांची चूक आज दुपारी सुधारली जाणार होती, आणि तीही फुसाएच्या हातून.

चूक तशी एका अक्षराची. 'लहान' आणि 'डोंगर' ही दोन चिन्हं शेजारीशेजारी लिहिली की कोणी त्यांना कोयामा वाचतं, कोणी ओयामा. जपानभर या नावाची माणसं आहेत, गावं आहेत, स्टेशनं आहेत, आणि कुणाचा उच्चार कोणता ते विचारल्याशिवाय कळत नाही. शिमानेच्या डोंगरातलं हे गाव ओयामा. अर्ध्या गावाचं आडनावही ओयामाच, म्हणून सगळे एकमेकांना पहिल्या नावानेच हाका मारतात. पण स्टेशनच्या पाटीवर, त्या दोन चिन्हांखाली, शाळकरी पोरालाही वाचता येईल अशा सोप्या लिपीत ठळक लिहिलं होतं: कोयामा.

लिहिलं शहरातल्या कुणा कारकुनाने. स्टेशनसाठी आपलं शेत देणारा तोकिची ओयामा, म्हणजे फुसाएचा सासरा, उद्घाटनाच्या दिवशी पहिल्या रांगेत बसला होता. पडदा सरकला आणि त्याने ते वाचलं. सगळ्या गावाने वाचलं. पण समोर पाहुणे, साहेब भाषणाला उभे राहिलेले; त्यांची चारचौघांत फजिती कोण करणार? गावाने टाळ्या वाजवल्या, कमरेत वाकून आभार मानले आणि सणाचा लाल भात खाल्ला. नंतर तक्रार करावी, तर 'त्या दिवशी का नाही बोललात?' असं कुणी विचारलं म्हणजे? मग गावाने शांतपणे तोडगा काढला. फलाटावर पाऊल ठेवलं की कोयामा म्हणायचं, फलाट उतरला की ओयामा. असला तोडगा फक्त आमच्याच लोकांना सुचतो. तोकिची मात्र मनातल्या मनात कुढत राहिला आणि तसाच गेला.

फुसाए समुद्रकाठच्या गावातली. तिचं लग्न जमवणाऱ्या बाईने स्थळाचं नाव कागदावरून वाचलं ते कोयामा असंच. मुलगी बघायला आलेली मंडळी गप्प बसली. बाईंना वाईट वाटलं असतं ना! फुसाएने महिनाभर 'कोयामा फुसाए' असं स्वतःशी म्हणून पाहिलं, तिला ते आवडलंही. लग्नाच्या दिवशी ती गाडीतून उतरली, समोर पाटीवर तेच नाव. न्यायला आलेल्या नवऱ्यासमोर, किंजिरोसमोर, ती वाकली आणि आदराचं 'सान' जोडून म्हणाली,

"कोयामा-सान, आजपासून मला सांभाळून घ्या."

मागे उभं असलेलं अख्खं सासर जमिनीकडे बघत राहिलं. किंजिरो म्हणाला, "हो."

लग्नविधीत एक म्हातारे गृहस्थ 'ओयामा किंजिरो' म्हणाले, तेव्हा तिला वाटलं, यांचे दात पडलेत. तिसऱ्या दिवशी नाव नोंदवायला गेल्यावर कचेरीतल्या माणसाने 'ओयामा फुसाए' अशी हाक मारली, आणि तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"तीन दिवस मी चुकीचं बोलतेय! तुम्ही सांगितलं का नाहीत?" परतताना ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"तू इतकं गोड म्हणत होतीस," किंजिरो म्हणाला. मग जरा विचार करून, "आणि फलाटावर मी कोयामाच असतो. तिथे तू चुकली नाहीस."

घरात सासू, सासरे, दोन नणंदा. नवऱ्याशी हसून बोलायची सोय नव्हती. पण किंजिरो खालच्या शहरात लाकडाच्या गिरणीत कामाला होता, आणि संध्याकाळच्या गाडीला त्याला घ्यायला जायला कुणाची ना नव्हती. तेवढी दहा मिनिटं ते दोघं कोयामा असत.

"काय कोयामा-सान, आज केसांत भुसा कमी दिसतो. काम केलं की झोपलात?"

"झोपलो. स्वप्नात तुझा जळका मासा खाल्ला, जाग आली."

ते मोठ्याने हसत. फलाट उतरला की ती दोन पावलं मागे चालू लागे. ओयामांच्या घरात तिने संसार केला, सासूसासऱ्यांचं केलं, दोन मुली वाढवल्या. पण ती बायको झाली ती त्या फलाटावर. किंजिरो जाऊन नऊ वर्षं झाली, तरी हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात आहे काय, असं तिला वाटे.

आता गाडीच बंद होत होती. आज शेवटचा दिवस. गावसमितीचा प्रमुख हिसानोबू तीन महिन्यांपूर्वी धावत तिच्या घरी आला होता.

"फुसाए आजी, परवानगी मिळाली! शेवटच्या दिवशी तरी पाटीवर बरोबर नाव लागणार. तोकिची आजोबांचा जीव आता शांत होईल. पडदा तुमच्याच हातून उघडायचा."

त्याचा चेहरा इतका फुलला होता की ती वाकून म्हणाली, "किती रे धावपळ केलीस." झालं. तिथेच फसली.

दुपारी फलाटावर गाव लोटलं. जुन्या पाटीवर नवी फळी स्क्रूने बसवली होती, वर पांढरं कापड. हिसानोबूने दोरी तिच्या हातात दिली. फुसाए दोरी धरून उभी राहिली. ओढेना.

"जोर लाव गं!" तिची मैत्रीण उमेनो ओरडली. "की जेवली नाहीस?"

लोक हसले. फुसाएला वाटलं, ओढावं आणि मोकळं व्हावं. टाळ्या होतील, लाल भात होईल. सासऱ्यांनी असंच केलं होतं.

तिने दोरी सोडली.

"हिसानोबू, माफ कर. ही फळी काढ."

हिसानोबू पुढे आला.

"आजी, पण नाव ओयामाच ना? चुकलं का काही?"

"नाव बरोबर आहे. पण मला चुकलेलंच हवंय." ती म्हणाली. "माझा नवरा इथे कोयामा होता. मी त्यांना त्याच नावाने हाक मारायची. आज शेवटचा दिवस आहे, तेवढं नाव राहू दे. मला त्यांची फार आठवण येते."

हिसानोबू कानापर्यंत लाल झाला. "मग तीन महिन्यांत बोलला का नाहीत?"

"तू इतका खूश होतास रे."

आधी उमेनो हसली, मग सगळा फलाट हसला, डोळे पुसत पुसत. हिसानोबू स्वतः शिडीवर चढला आणि एकेक स्क्रू काढून त्याने फळी उतरवली. गाडी आली, एका डब्याची. माणसं चढली, हात हलले, गाडी वळणाआड गेली. फुसाए चढली नाही. गाडीने कुठे जायची तिला कधीच सवय नव्हती.

पांगापांग झाल्यावर हिसानोबू तिच्याजवळ आला.

"आजी, पुढच्या महिन्यात हे सगळं पाडणार आहेत. पाटी मागून घेतो. तुमच्या घरी आणून लावतो."

फुसाएने पाटीकडे बघितलं.

"घरी नको रे," ती म्हणाली. "घरी ते ओयामा होते."